पत्र मदिन्याचे, हिशोब रुपयांचा

लहानपणी आमचे अक्षर चांगले होते. त्यामुळे मोहल्ल्यातली फुकटची लिखापढी आमच्याच वाट्याला येई. लग्नाच्या रुक्क्यांवर नावे घालायची, सौदीला गेलेल्या कुणाच्या मुलाला खत लिहून द्यायचे, मशिदीच्या चंद्याची यादी उतरवून काढायची. १९९९ साली आम्ही चौथीत असताना अम्मीने घड्यांवर विरलेला एक झेरॉक्स कागद आमच्यापुढे ठेवला आणि त्याच्या दहा नकला करून मागितल्या. कागदावर उर्दूत ठळक मथळा होता: वसीयतनामा.

त्यातला मजकूर वाचकांपैकी अनेकांच्या घरी येऊन गेला असेल. मदिना शरीफमध्ये रौजा-ए-मुबारकचे खादिम शेख अहमद यांचा जुम्याच्या रात्री कुरआन पढता पढता डोळा लागला आणि हुजूर (स.) त्यांच्या स्वप्नात आले. इतके हजार लोक मेले, त्यांत ईमानावर मेलेला जवळजवळ कुणी नाही, श्रीमंत जकात देत नाहीत, बायका नवऱ्याचे ऐकत नाहीत, तौबाचा दरवाजा आता लवकरच बंद होणार, असे सगळे त्यांनी सांगितले. शेवटी खरी मेख होती. जो या पत्राच्या नकला करून वाटील त्याचे कर्ज फिटेल, मुराद पुरी होईल. जो खोटे मानील त्याच्यावर संकट कोसळेल. अमक्याने थट्टा केली, त्याचा मुलगा त्याच दिवशी वारला.

दोन संध्याकाळी बसून आम्ही दहा नकला केल्या. दहावी लिहिताना हात इतका दुखत होता, की मधल्या दोन ओळी आम्ही गुपचूप गाळल्या. अब्बा तेव्हा उदगीर-देवणी टेम्पो चालवीत. पुढे कित्येक दिवस त्यांना यायला उशीर झाला, की आम्हाला त्या दोन ओळी आठवत आणि आम्ही दाराशी जाऊन उभे राहत असू. हे कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

त्या पत्राचा माग काढावा असे आम्हाला पुढे बी.एड. करताना वाटू लागले. तेव्हा कळले, की आमच्या आधी पुष्कळ लोकांनी तो काढला आहे. स्नूक हुर्ग्रोन्ये नावाच्या डच पंडिताने १८८४ साली या वसीयतनाम्यावर एक लेखच लिहिला होता. त्याच्यापुढचे पत्र १८८० सालचे. डच अमलाखालच्या जावा-सुमात्रा बेटांत त्याच्या नकला फिरत होत्या आणि राज्यकर्त्यांना त्यात बंडाचा वास येत होता. हा स्नूक पुढे १८८५ मध्ये मुसलमान म्हणवून मक्केत राहिला आणि नंतर त्याच डच सरकारचा सल्लागार झाला, तेव्हा त्याचा अभ्यास अगदीच निर्मळ मनाने झाला असे म्हणवत नाही. पण तारखेचा पुरावा तारखेचा असतो. १८८० साली शेख अहमद चाळीस वर्षांचे होते असे धरले, तरी आम्ही नकला करीत होतो तेव्हा त्यांचे वय एकशे एकोणसाठ भरते. एवढी बेरीज-वजाबाकी आम्हाला चौथीत येत होती. ती तिथे लावायची असते हे मात्र कुणी शिकवले नव्हते.

१९०८ मध्ये याच जातीचे एक 'मक्केचे पत्र' जर्मनांच्या पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात, लिंडी बंदराच्या आसपास निघाले. माजी-माजीचा मोठा उठाव चिरडून त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. अधिकाऱ्यांची झोप उडाली. प्रती जप्त झाल्या, जबान्या झाल्या आणि संशय झांजिबारच्या रुमालिझा नावाच्या जुन्या अरब व्यापाऱ्यापर्यंत जाऊन पोचला. आपल्याकडच्या इंग्रजांची याहून वाईट फजिती पन्नास वर्षे आधी झाली होती. १८५७ च्या सुरुवातीला गावोगावचे चौकीदार रातोरात चपात्या पोचवू लागले, तेव्हा मथुरेच्या मॅजिस्ट्रेट थॉर्नहिलपासून अनेकांनी चौकशा केल्या. प्रत्येक चौकीदार मागच्या गावच्या चौकीदाराकडे बोट दाखवी. पहिली चपाती कुणी भाजली ते आजवर ठरलेले नाही.

सरकारांचा तपास आपली खुर्ची सांभाळण्यासाठी होता. उलेमांचा तपास आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. कैरोच्या 'अल-मनार' मासिकाचे संपादक रशीद रिझा यांना विसाव्या शतकाच्या आरंभी एका वाचकाने या पत्राबद्दल विचारले. त्यांनी उत्तर दिले त्याचा आशय असा, की आम्ही लिहायला शिकत होतो त्या वयापासून हे पत्र पाहत आलो आहोत आणि प्रत्येक वेळी त्यात शेख अहमदच असतात. हे वाचून आम्हाला आमची चौथीतली बोरूची दौत आठवली. पुढे सौदी अरबस्तानचे आलिम शेख इब्न बाज यांनी तर सरळ घरचा रस्ता धरला. त्यांनी त्या शेख अहमदांच्या नातेवाइकांनाच विचारले. नातेवाईक म्हणाले, हे त्यांच्या नावावर खपवलेले खोटे आहे, असे ते कधी बोललेच नाहीत आणि त्यांना जाऊनही बराच काळ झाला. इब्न बाज यांनी ही हकिकत एका छोट्या पुस्तिकेत छापली. आधी आपण या पत्राकडे दुर्लक्ष केले होते, असला मजकूर टिकेल असे आपल्याला वाटले नव्हते, अशी कबुलीही त्यांनी त्यात दिली आहे.

आणि आता आमच्या आवडीचा पुरावा. यूसुफ करजावी यांच्यापुढे या पत्राची जी अरबी प्रत आली, तिच्यात फायदा झालेल्या माणसाचा दाखला आहे. त्याने तीस प्रती वाटल्या आणि त्याला पंचवीस हजार रुपये मिळाले. माणूस कुठला? मुंबईचा. मदिन्यात पाहिलेले स्वप्न, अरबी भाषेतले पत्र आणि हिशोब रुपयांत! लेखकाने शेख अहमद बरोबर उभे केले, रौजा बरोबर उभा केला, पण पैशाची गोष्ट निघाली तेव्हा हात आपोआप ओळखीच्या नाण्याकडे गेला. निदान ती ओळ तरी आपल्याच मुलखात कुणीतरी घातली, असे आमचे मत आहे. बाहेरून आलेले पत्र म्हणून आपण ज्याला डोळ्यांना लावतो, त्यातले काही इथूनच गेलेले असावे.

हा रोग एकट्या मुसलमानांचा होता असे मात्र कुणी समजू नये. संतोषी मातेच्या नावाची पोस्टकार्डे आपल्या सगळ्यांच्या पोस्टमनने वाटली आहेत. तिथेही तसेच आकडे, तसाच लाभ, तसाच शाप. आमच्या शेजारच्या काकू ती कार्डे लिहायच्या आणि अम्मी वसीयतनामा लिहवून घ्यायची. दोघींची भीती एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत होती.

बी.एड.च्या सुट्टीत आम्ही हे सगळे अम्मीला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "नमाज पढो बोलरा, जकात देव बोलरा. बुरा क्या बोलरा उसमें?"

हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. आपल्या इतिहासात तो बाराशे वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. मर्व शहरात नूह बिन अबी मरयम नावाचे एक विद्वान होते. कुरआनची अमुक सूरत पढली तर अमुक सवाब, अशा हदीसी त्यांनी एकेका सूरतीसाठी रचल्या आणि त्या मोठ्या माणसांच्या नावावर घातल्या. विचारले तेव्हा म्हणाले, की लोक कुरआन सोडून फिक्ह आणि लढायांच्या कहाण्यांत रमले होते, म्हणून नेक हेतूने केले. त्यांना 'अल-जामे' म्हणत, म्हणजे सर्व विद्या गोळा करणारा. टीकाकारांनी म्हटले, यांनी सगळे गोळा केले, फक्त खरेपणा तेवढा राहिला. हदीसच्या इमामांनी नूह यांचा नेक हेतू हिशोबात धरला नाही. मजकूर कितीही गोड असो, तो कुणाकडून कुणाकडे आला ते सांगा, एवढीच त्यांची मागणी होती. या साखळीला इस्नाद म्हणतात. तिच्यातल्या प्रत्येक माणसाची चौकशी करायची. तो कधी जन्मला, कधी वारला, ज्याचे नाव घेतो त्याला खरेच भेटला होता का, त्याची स्मृती कशी, तो खोटे बोलल्याचे कुणाला आढळले का. या माणसांच्या चौकशीचे खंडच्या खंड लिहिले गेले.

या शास्त्राची गोडी मुलांना लागावी म्हणून आम्ही वर्गात एक गोष्ट सांगत असू. बगदादच्या रुसाफा मशिदीत एक किस्सेवाला उभा राहिला आणि अहमद बिन हंबल व यह्या बिन मईन यांच्या हवाल्याने एक लांबलचक बनावट हदीस सांगू लागला. नेमके ते दोघेही समोरच बसलेले. नंतर यह्यांनी त्याला गाठून विचारले, तेव्हा तो उलट म्हणाला, की जगात काय तुम्ही दोघेच या नावाचे आहात? मी अशा सतरा अहमद बिन हंबलांकडून ऐकले आहे! मुले खदखदून हसत. पुढे आमच्या वाचनात आले, की इमाम जहबींनी या गोष्टीच्याच सनदीवर बोट ठेवले आहे. ती सांगणारा माणूस कोण ते आपल्याला ठाऊक नाही आणि ही त्यानेच रचली असावी अशी शंका येते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे बनावट हदीसवाल्याची गोष्ट सांगून आम्ही मुलांना सावध करीत होतो, ती गोष्टच बिनसनदी. आम्ही अजूनही ती सांगतो, पण जहबींसकट सांगतो.

आता संगणकाकडे वळू. आपल्या शाळेत संगणक आला तेव्हा ई-मेलच्या पेटीत रोज उठून कुणी लॉटरी लागल्याचे कळवी, कुणी आफ्रिकेतल्या मंत्र्याची विधवा कोट्यवधी डॉलर ठेवायला मागे. या कचऱ्याला स्पॅम म्हणतात. ते मुळात डब्यात मिळणाऱ्या डुकराच्या मांसाचे नाव आहे, तेव्हा आपल्यासाठी ते दोन्ही अर्थांनी हरामच. त्याची सुरुवात ३ मे १९७८ ची सांगतात. गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात एकदम चारशेच्या आसपास लोकांना पाठवली. लोक चिडले, त्याला समज मिळाली. एक मात्र म्हटले पाहिजे, त्याने नाव लपवले नव्हते. नाव लपवण्याची सोय पुढे फार वापरली गेली. १९८२ मध्ये ई-मेलचे जे नियम ठरले त्यांत पाठवणाऱ्याच्या रकान्यात कुणीही कुणाचेही नाव घालू शकेल अशी मोकळीक राहिली. एकमेकांना ओळखणाऱ्या थोड्या लोकांनी केलेले ते नियम होते. चोर येईल असे त्यांच्या मनात नव्हते.

तरीही ई-मेलला एक इस्नाद असते, हे कळले तेव्हा आम्हाला खरोखर आनंद झाला. पत्राच्या पोटात, एरवी न दिसणारा, एक मजकूर असतो. पत्र ज्या ज्या संगणकातून पुढे आले, त्या प्रत्येकाने 'मला अमक्याकडून, अमक्या वेळी मिळाले' अशी नोंद वरच्या बाजूला चढवलेली असते. म्हणून ती खालून वर वाचली, की पत्राचा प्रवास कळतो. लबाड माणूस तळाशी खोट्या नोंदी आधीच घालून ठेवू शकतो. म्हणून तपास करणारा उलट दिशेने जातो. सगळ्यात वरची नोंद आपल्या स्वतःच्या टपालघराची असते, ती पक्की. तिथून एकेक पायरी खाली उतरायचे. वेळ जुळते का, पत्ता आणि नाव जुळते का, हा खरेच त्याला भेटला होता का. जिथे सांधा निखळतो तिथून खालचे सगळे संशयित. आपल्या उस्तादापासून सुरू करून मागे मागे जाणाऱ्या मुहद्दिसाची रीत हीच. फक्त इथे रावी यंत्रे आहेत आणि त्यांना जन्म-मृत्यूऐवजी क्रमांक आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपाला ही साखळी नाही. आपल्याला फक्त शेवटचा माणूस दिसतो आणि तो बहुधा आपलाच मामा, मेहुणा किंवा सहकारी असतो. दरम्यानचे सगळे गायब. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना 'कौन बनेगा करोडपती'च्या नावाने पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचा निरोप आला. त्या कार्यक्रमाचा याच्याशी काही संबंध नव्हता. बक्षीस सोडवण्यासाठी आधी थोडा कर भरा, मग आणखी थोडा, असे करत त्यांचे आठ हजार गेले. १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवले तर कधी कधी रक्कम वाटेत अडवता येते, पण शरमेने त्यांनी महिनाभर कुणाला सांगितलेच नाही. वसीयतनाम्यातल्या पंचवीस हजारांचे पंचवीस लाख झाले, इतकाच काय तो फरक.

इथवर लिहिणे सोपे होते.

जून २०१८ मध्ये आमच्या मोबाइलवर एक निरोप आला. मुले पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, असा मजकूर, आणि सोबत मोटारसायकलवरून दोघे जण रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात अशी चित्रफीत. वसीयतनाम्याच्या तारखा मोजणाऱ्या आम्ही, तो निरोप वाचला आणि दोन मिनिटांत पालकांच्या गटावर टाकला. वर स्वतःची ओळ घातली, 'मुलांना एकटे सोडू नका'. संध्याकाळपर्यंत तो मोहल्ल्यात नव्या हवाल्याने फिरत होता: "इस्कूल से आया हाय." सनदीत आमचे नाव चढले होते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला सायकलवर चादरी घेऊन येणारा एक उत्तरेकडचा फेरीवाला त्या आठवड्यात आला, तेव्हा बायकांनी दारे लावून घेतली आणि पोरे दगड घेऊन उभी राहिली. त्याला कुणी मारले नाही. पाणीही न मागता तो उदगीरच्या रस्त्याला लागला. नंतर तो आला नाही.

१ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते सोलापूरकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. संशय तोच, मुले पळवणारे. आम्ही ती बातमी वाचली आणि धुळे लांब आहे असे मनाशी म्हटले.

१३ जुलैला मुरकी झाले. मुरकी म्हणजे बिदर जिल्ह्यातल्या औराद भागातले गाव. हा औराद आपला शहाजानी औराद नव्हे, सीमेपलीकडचा. पण सीमा कसली? १९५६ पर्यंत आमचा उदगीर तालुकाही बिदर जिल्ह्यातच होता. लग्ने तिकडची, बैल-बाजार तिकडचा, बोली तीच. हैदराबादचे काही तरुण फिरायला आले होते, त्यांच्यात कतारचा एक पाहुणा होता. वाटेत थांबले असता त्यांनी शाळेच्या पोरांना चॉकलेटे दिली. कुणाला संशय आला. ते मोटार काढून निघाले, पण त्यांच्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप निघाला होता. मुरकीला रस्ता अडवलेला होता. मोटार कलंडली, जमावाने त्यांना बाहेर ओढले. वाचवायला गेलेले पोलीसही जखमी झाले. एक तरुण अभियंता गेला, त्याचे सोबती कसेबसे वाचले. पोलिसांनी तीसेक जणांना धरले, त्यांत एका व्हॉट्सअ‍ॅप गटाचा चालकही होता.

ती मोटारसायकलची चित्रफीत कुठली, याचा तपास बातम्यांची पडताळणी करणाऱ्या पत्रकारांनी तोवर लावला होता. ती कराचीची. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या 'रोशनी' संस्थेने पालकांना जागे करण्यासाठी केलेला तो छोटा चित्रपट. मूळ चित्रपटात ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. आपल्याकडे येईतो शेवट कापलेला होता. त्याच लाटेत ओळीने ठेवलेल्या मृत मुलांचे एक छायाचित्र फिरत होते. ते २०१३ साली सीरियातल्या घूता येथे विषारी वायूने मेलेल्या मुलांचे होते. दहाव्या नकलेत आम्ही दोन ओळी गाळल्या होत्या त्या हाताच्या दुखण्याने. हा शेवट कुणी मुद्दाम कापला होता. आम्ही मात्र दोन्ही वेळा साखळीतच होतो.

आम्ही आमच्यापुरता तपास केला. आम्हाला निरोप एका सहकाऱ्याकडून आला होता. त्यांना निलंग्याच्या साडूकडून. साडूला भालकीकडच्या एका जीपवाल्याकडून. जीपवाला म्हणाला, दोनेकशे माणसांच्या एका गटावर पाहिला होता आणि ज्याने टाकला तो गट सोडून गेला आहे. त्याचा क्रमांक लागला नाही. १८५७ च्या चौकीदारांसारखे आम्ही चार गावे मागे जाऊन थांबलो. आम्ही आमच्या पालकांच्या गटावर तो निरोप खोटा असल्याचे लिहिले. पहिल्या निरोपाला सत्तावीस उत्तरे आली होती. याला तीन आली.

त्या जुलैमध्ये कंपनीने पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण घालायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन आणले. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो. म्हणजे निरोप पुष्कळ हातांतून आला आहे एवढे कळते, पहिला हात कुणाचा ते कळत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम काढला, की मागितल्यास पहिला पाठवणारा कोण ते कंपन्यांनी सांगावे. त्या मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तसे करायचे तर प्रत्येकाच्या खासगी निरोपाचे कुलूप उघडावे लागेल, असे त्यांचे म्हणणे. आमचे मन इथे दोन्हीकडे जाते. मुरकीचा पहिला निरोप कुणाचा ते कळायला हवे होते. पण प्रत्येक घरच्या प्रत्येक बोलण्याची सनद सरकारी दप्तरात असावी, हेही आम्हाला पटत नाही. मुहद्दिसांनी साखळ्या तपासल्या त्या कुणाच्या घरात डोकावून नव्हे. सांगणाऱ्यानेच सांगायचे असे, की मी कुणाकडून ऐकले.

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमी आली तर आधी खातरजमा करा, नाहीतर नकळत कुणाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असा हुकूम आहे. ती आयत आम्ही सहावीला शिकवतो. २०१८ पूर्वीही शिकवत होतो.

गेल्या रमजानमध्ये अम्मीच्या मोबाइलवर वसीयतनामा आला. शेख अहमद तेच, रौजा तोच, आता फक्त हिरव्या घुमटाचे रंगीत चित्र आणि वीस जणांना पाठवण्याची ताकीद. दोन बाणांची खूण होती. अम्मीने तो कुणाला पाठवला नव्हता. मोबाइल आमच्या हातात देऊन म्हणाली, "कौन भेजा पूछ लो पैले." उदगीरच्या फूफूने पाठवला होता. फूफूला विचारले, त्यांना भालकीच्या सुनेकडून आला होता. सुनेला आम्ही लिहिले आहे. दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर अजून यायचे आहे.